सेल्टिक पार्कवरचा झेंडा: ग्लासगो, १९५२

स्कॉटलंडमध्ये नाताळपेक्षा नववर्षाचा सण मोठा. नाताळची सार्वजनिक सुट्टीसुद्धा तिथे १९५८ साली सुरू झाली. ३१ डिसेंबरची रात्र जागून काढलेलं ग्लासगो शहर दुसऱ्या दिवशी दुपारी उरलीसुरली बाटली कोटाच्या खिशात घालून फुटबॉलच्या मैदानाकडे निघायचं, आणि मॅच असायची शहरातल्याच दोन क्लबांची, सेल्टिक विरुद्ध रेंजर्स. १९५२ च्या १ जानेवारीला ही मॅच सेल्टिकच्या मैदानावर, सेल्टिक पार्कवर झाली आणि रेंजर्सने ती ४-१ अशी जिंकली. गर्दीतून बाटल्या भिरकावल्या गेल्या, मारामाऱ्या झाल्या, पोलिसांनी धरपकड केली. ग्लासगोला यातलं काहीच नवीन नव्हतं. नवीन होतं ते पुढच्या काही आठवड्यांत घडलेलं.

शहराच्या दंडाधिकाऱ्यांनी फुटबॉलच्या कारभाऱ्यांकडे चार सूचना पाठवल्या. या दोन क्लबांची मॅच १ जानेवारीला ठेवू नये. तिकिटं आधीच विकावीत आणि किती विकायची ते पोलिसांशी बोलून ठरवावं. सेल्टिक पार्कच्या दोन्ही टोकांना उभ्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर ये-जा करण्यासाठी क्रमांक घातलेल्या वाटा आखाव्यात. आणि प्रेक्षकांच्या भावना भडकतील असे झेंडे दोन्ही क्लबांनी लावू नयेत.

यातल्या तीन सूचना गर्दीच्या बंदोबस्ताच्या होत्या, एक झेंड्यांची. स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एसएफएने, हिरिरीने हातात घेतली ती चौथी. दंडाधिकाऱ्यांची सूचना दोन्ही क्लबांना होती. हुकूम मात्र एकाच क्लबला गेला. सेल्टिकने आपल्या मैदानावरचा आयर्लंडचा तिरंगा उतरवावा, नाहीतर कारवाईला तयार राहावं. मतदान झालं तेव्हा झेंडा उतरवण्याच्या बाजूने २६ आणि विरोधात ७ मतं पडली. सेल्टिकचे अध्यक्ष रॉबर्ट केली यांनी झेंडा उतरवायला नकार दिला.

ब्रिटनमधल्या फुटबॉल चाहत्यांची भांडणं आणि त्यांचे झेंडे यावर आजही खूप लिहिलं जातं, आणि बहुतेक लिखाण ‘हे लोक असे का वागतात’ या प्रश्नापाशी थांबतं. १९५२ चं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. इथे प्रश्न चाहत्यांच्या वागण्याचा राहिला नाही. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या, तिथेच राबणाऱ्या, ब्रिटनच्या सैन्यात लढून आलेल्या माणसांनी आपल्या आजोबांच्या देशाचा झेंडा आपल्याच मैदानावर लावला, तर ते कमी स्कॉटिश, कमी ब्रिटिश ठरतात का, हा प्रश्न एका क्रीडासंस्थेने मतदानाला टाकला.

झेंडा तिथे आला कसा

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं आणि भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं देश सोडून निघाली. समुद्र ओलांडला की जवळचं मोठं शहर ग्लासगो. तिथे गोद्या होत्या, गिरण्या होत्या, खाणी जवळ होत्या. काम मिळायचं, पण सगळ्यांत हलकं आणि सगळ्यांत कमी पैशांचं. शहराच्या पूर्व भागातल्या कोंदट चाळींतून हे आयरिश कॅथलिक लोक दाटीवाटीने राहू लागले. स्कॉटलंड तेव्हा कट्टर प्रोटेस्टंट देश. धर्म वेगळा, उच्चार वेगळा, खिशात पैसा नाही, आणि वर ‘हे आमची मजुरी पाडतात’ हा राग.

याच वस्तीत शिकवणाऱ्या ब्रदर वॉलफ्रिड यांनी १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये एका चर्चच्या सभागृहात सेल्टिक क्लब स्थापन करायला पुढाकार घेतला. ते मूळचे आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातले. मॅचच्या तिकिटांतून पैसा उभा करून पूर्व ग्लासगोतल्या गरीब मुलांना जेवण द्यायचं, हा हेतू. १८८८ च्या मे महिन्यात क्लबची पहिली मॅच झाली ती रेंजर्सविरुद्ध, आणि ती अगदी सलोख्याने पार पडली. १८९२ मध्ये नवीन मैदान बांधलं तेव्हा आयरिश शेतकऱ्यांच्या चळवळीचे नेते मायकेल डेव्हिट यांच्या हातून डॉनेगलहून आणलेली हिरवळ तिथे लावली गेली. म्हणजे आयर्लंड या मैदानावर नंतर कुणी आणून चिकटवलेला नाही. तो पायातच आहे.

तरी सेल्टिकने दार कधी बंद केलं नाही. प्रोटेस्टंट खेळाडू तिथे पहिल्यापासून खेळत आले. १९३६ मध्ये कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम सेल्टिकच्या राखीव संघातून अनवाणी खेळला आणि ग्लासगोच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, हे आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींनाही फारसं ठाऊक नसतं.

रेंजर्स त्याहून जुना, १८७२ चा. सुरुवातीला त्याला धर्माचा रंग नव्हता. क्लाइड नदीकाठचा कामगार, बोटी बांधणारा कारागीर, हा त्याचा चाहता. १९१२ मध्ये बेलफास्टच्या हारलँड अँड वूल्फ कंपनीने ग्लासगोच्या गोव्हन भागात बोटींचा कारखाना घेतला आणि रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानाच्या शेजारीच उत्तर आयर्लंडच्या प्रोटेस्टंट कामगारांची वस्ती वाढली. आयर्लंडमध्ये स्वातंत्र्याचा लढा पेटत गेला तशी ग्लासगोतली फळीही पक्की होत गेली. रेंजर्सच्या गर्दीत युनियन जॅक दिसू लागला आणि कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही हा क्लबचा अलिखित नियम झाला. आयर्लंडच्या स्वातंत्र्यानंतर सेल्टिक पार्कवर हिरवा-पांढरा-नारिंगी तिरंगा आला. १८४८ मध्ये हा झेंडा पहिल्यांदा पुढे आला तेव्हा त्यातला हिरवा कॅथलिकांचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा आणि मधला पांढरा दोघांतल्या समेटाचा, असा त्याचा अर्थ सांगितला गेला होता. ग्लासगोच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या कुठल्याच बाजूला हा अर्थ दिसत नव्हता, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९५२ च्या मागची हवा समजायची तर १९२३ सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सर्वसाधारण सभेपुढे एक अहवाल आला. आयरिश लोकांपासून स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला धोका आहे, हे त्याच्या नावातच लिहिलेलं होतं. हा अहवाल कुठल्या गल्लीतल्या टोळक्याचा नव्हता. देशाच्या मुख्य चर्चचा होता. चर्चने त्याबद्दल माफी मागितली ती २००२ साली. ज्या एसएफएने १९५२ मध्ये मतदान केलं, तिच्यातली बहुतेक प्रौढ माणसं याच हवेत वाढलेली होती.

‘परक्या देशाचा झेंडा’

झेंडा उतरवा म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा साधा होता. आयर्लंड आता परका देश आहे. १९४९ च्या एप्रिलमध्ये त्याने राष्ट्रकुलही सोडलं. स्कॉटलंडमधल्या क्लबने परक्या देशाचा झेंडा कशासाठी लावावा?

वरवर पाहता मुद्दा बिनतोड. पण त्याच १९४९ मध्ये ब्रिटिश संसदेने आयर्लंडविषयी कायदा केला, आणि त्यात स्वच्छ लिहिलं की राष्ट्रकुलातून बाहेर पडलं तरी ब्रिटनच्या कायद्यांपुरतं आयर्लंड हा परका देश नाही. कारण उघड आहे. लाखो आयरिश माणसं ब्रिटनमध्ये राहत होती, काम करत होती, मतदान करत होती. त्यांना एका रात्रीत परकं ठरवणं लंडनला परवडणारं नव्हतं. म्हणजे संसदेने जे म्हणायचं टाळलं, ते एका फुटबॉल संघटनेने म्हणायचं ठरवलं होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा ताजी होती. सेल्टिकच्या धर्तीवर बेलफास्टमध्ये उभा राहिलेला बेलफास्ट सेल्टिक हा क्लब तीनच वर्षांपूर्वी फुटबॉलमधून बाहेर पडला होता. १९४८ च्या २७ डिसेंबरला, प्रोटेस्टंटांचा क्लब मानल्या जाणाऱ्या लिनफिल्डविरुद्धच्या मॅचनंतर प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्यांनी बेलफास्ट सेल्टिकच्या जिमी जोन्स या खेळाडूला इतकं मारलं की त्याचा पाय मोडला. जोन्स प्रोटेस्टंट होता. त्याचा गुन्हा एवढाच की तो ‘त्यांच्या’ जर्सीत खेळत होता. तो हंगाम संपल्यावर क्लबने स्पर्धेतून अंग काढून घेतलं ते कायमचं. ग्लासगोतल्या सेल्टिकवाल्यांना ही गोष्ट कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे १९५४ मध्ये उत्तर आयर्लंडने झेंड्यांचा कायदाच केला: शांतता भंगेल असं वाटलं तर पोलिसांनी कुठलाही झेंडा उतरवावा, युनियन जॅकला मात्र हात लावायचा नाही. तिरंगा त्या कायद्यात नावाने नव्हता, पण रोख कुणावर होता ते सगळ्यांना कळत होतं. बेलफास्टने जे कायद्याने केलं, ते ग्लासगोत एसएफएच्या हुकमाने होऊ घातलं होतं.

एसएफएत हा हुकूम रेटणाऱ्यांत दोन नावं ठळक होती. एक सचिव जॉर्ज ग्रॅहम, दुसरं हॅरी स्वॉन. स्वॉन हे एडिंबरोच्या हिबर्नियन क्लबचे अध्यक्ष, आणि हिबर्नियन हा १८७५ मध्ये आयरिश कॅथलिकांनीच उभा केलेला क्लब. सेल्टिक स्थापन झाला तो हिबर्नियनचं यश पाहून. पण १९५० पर्यंत हिबर्नियन एडिंबरोत मिसळून गेला होता, त्याची आयरिश ओळख पुसट झाली होती. त्यामुळे हा वाद आयरिश विरुद्ध स्कॉटिश एवढा सरळ राहत नाही. बाहेरून आलेल्यांनी स्थिरावताना जुनी खूण बाजूला ठेवायची की जपायची, यावर त्याच मुळाच्या दोन क्लबांनी दिलेली ही दोन उत्तरं होती. दोन्ही उत्तरं माणसांनी विचारपूर्वक दिलेली असू शकतात. चुकीचं होतं ते आपलं उत्तर दुसऱ्यावर मतदानाने लादणं.

रॉबर्ट केली आणि रेंजर्सचं मत

केली यांचे वडील जेम्स केली हे सेल्टिकचे पहिले कर्णधार. मुलगा अध्यक्ष झाला तो १९४७ मध्ये. हट्टी, शिस्तीचा, धर्मनिष्ठ माणूस. त्यांचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं. एक, हा झेंडा क्लब ज्यांनी उभा केला त्यांच्या आठवणीचा आहे, त्यात कुणाला चिथावण्याचा हेतू नाही. दोन, क्लबने आपल्या मैदानावर कुठला झेंडा लावावा हे सांगायचा अधिकार एसएफएला तिच्या नियमांनी दिलेलाच नाही. पहिला पाय भावनेचा, दुसरा कायद्याचा. पुढे उपयोगी पडला तो दुसरा.

आणि मग ती गोष्ट घडली जी मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत बोलकी वाटते. रेंजर्स सेल्टिकच्या बाजूने उभा राहिला.

ज्यांचे चाहते तो तिरंगा पाहून संतापायचे, त्या क्लबच्या कारभाऱ्यांनी तो उतरवायला विरोध केला. याचं एक कारण पैशाचं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. सेल्टिक-रेंजर्स मॅचला जमणारी गर्दी हा दोन्ही क्लबांच्या तिजोरीचा आधार होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या जोडीला ‘ओल्ड फर्म’ म्हणतात ते या धंद्याच्या नात्यावरूनच, असं मानलं जातं. सेल्टिकवर बंदी आली असती तर रेंजर्सचाही खिसा रिकामा झाला असता. पण माझ्या मते एवढ्यावर गोष्ट संपत नाही. आज सेल्टिकचा झेंडा उतरवण्याचा हक्क एसएफएला मिळाला, तर उद्या आयब्रॉक्सवर काय लावायचं हेही तीच ठरवणार, हे रेंजर्सच्या माणसांना कळत होतं. शिवाय दोन्ही क्लब एकमेकांच्या विरोधातच मोठे झाले. समोरच्या झेंड्यावाचून आपल्या झेंड्याला अर्धी धार उरली असती.

एसएफए पुढे अडखळली. तारखा टळत गेल्या, नियमांचा कीस काढला गेला, आणि हा हुकूम नियमांत बसवणं अवघड आहे हे स्पष्ट होत गेलं. शेवटी सेल्टिकवर बंदी आली नाही, झेंडाही उतरला नाही. आजही तो तिथे फडकतो.

राणीचा कप

पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक होणार होता. त्यानिमित्त मे महिन्यात ग्लासगोत कोरोनेशन कप ही खास स्पर्धा भरवण्यात आली. इंग्लंडमधून आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, टॉटनहॅम आणि न्यूकॅसल. स्कॉटलंडमधून रेंजर्स, अ‍ॅबरडीन, हिबर्नियन आणि सेल्टिक. सेल्टिकचा तो हंगाम सामान्य होता. त्याला बोलावलं ते गर्दी खेचतो म्हणून.

राज्याभिषेकाबद्दल सगळं स्कॉटलंड आनंदात होतं असंही नाही. स्कॉटलंडला एलिझाबेथ पहिली कधी नव्हतीच. ती इंग्लंडची राणी. मग ही दुसरी कशी? एडिंबरोच्या इंच भागात ‘दुसरी’चा आकडा कोरलेली टपालपेटी बसवली, ती १९५३ च्या फेब्रुवारीत स्फोटाने उडवून देण्यात आली. त्यानंतर स्कॉटलंडमधल्या नव्या टपालपेट्यांवर आकड्याऐवजी स्कॉटलंडचा मुकुट आला. म्हणजे ‘ब्रिटिश’ या शब्दात आपली जागा कोणती, हा प्रश्न एकट्या आयरिश वंशाच्या लोकांना पडलेला नव्हता. सरकारने तिथे मात्र समजुतीने घेतलं, खूण बदलली.

सेल्टिकने आर्सेनलला १-० आणि मँचेस्टर युनायटेडला २-१ असं हरवलं. अंतिम सामना २० मे रोजी हॅम्पडेन पार्कवर, आणि समोर हिबर्नियन. हॅरी स्वॉन यांचा हिबर्नियन. त्या काळच्या स्कॉटलंडमधला बहुधा सगळ्यांत देखणा संघ. त्यांच्या आघाडीच्या पाच खेळाडूंना लोक ‘फेमस फाइव्ह’ म्हणत, आणि उपांत्य सामन्यात त्यांनी न्यूकॅसलला ४-० असं लोळवलं होतं. मैदानात १ लाख १७ हजार माणसं. सेल्टिकचा कर्णधार जॉक स्टीन, लॅनार्कशरच्या खाणीतून आलेला प्रोटेस्टंट, ज्याच्या घरात रेंजर्सचं वेड होतं. अठ्ठाविसाव्या मिनिटाला नीली मोकनने जवळपास तीस यार्डांवरून चेंडू हाणला आणि तो जाळ्यात गेला. मोकनला विकत घेऊन दोन आठवडेही झाले नव्हते. तो डावखुरा, आणि हा गोल त्याने उजव्या पायाने मारला. त्यानंतर हिबर्नियनने गोलपोस्टला अक्षरशः वेढा घातला. सेल्टिकचा गोलरक्षक जॉनी बॉनर, उंचीने बेताचा, एकामागून एक चेंडू अडवत राहिला. शेवटी शेवटी जिमी वॉल्शने दुसरा गोल केला. २-०.

ज्या क्लबला वर्षभरापूर्वी झेंड्यासाठी बाहेर काढायची धमकी मिळाली, तोच ब्रिटनच्या राणीच्या राज्याभिषेकाचा कप घेऊन घरी गेला. सेल्टिकवाल्यांनी तो कप आनंदाने मिरवला, आजही मिरवतात. तिरंगा लावणं आणि कोरोनेशन कप जिंकणं यांत त्यांना विसंगती दिसली नाही, आणि मलाही दिसत नाही. माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी सहज मावतात. न मावण्याची अडचण असते ती नोंदवहीत एकाच रकान्यात नाव लिहू पाहणाऱ्यांची.

रॉबर्ट केली पुढे त्याच एसएफएचे अध्यक्ष झाले. १९६९ मध्ये त्यांना ब्रिटनची ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्यांनी ती घेतली. त्याआधी १९६७ मध्ये, आता मॅनेजर झालेल्या स्टीनच्याच हाताखाली सेल्टिकने लिस्बनमध्ये युरोपियन कप जिंकला, हा मान मिळवणारा ब्रिटनमधला पहिला क्लब म्हणून. त्या संघातले अकराही खेळाडू सेल्टिक पार्कपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. परक्या झेंड्याचा क्लब म्हणून ज्याला हिणवलं, त्याच्याइतका अस्सल स्थानिक संघ त्यानंतर युरोपात कुणी जिंकलेला दाखवणं कठीण आहे.

जे राहून गेलं

आता त्या उरलेल्या तीन सूचनांकडे परत येतो, कारण माझ्या लेखी या प्रकरणाचा सगळ्यांत गंभीर भाग तो आहे.

१९५२ ची गडबड झेंड्याने केली नव्हती. ती केली बाटल्यांनी, दारूने आणि मातीच्या भरावावर लाकडी कडा ठोकून केलेल्या पायऱ्यांवर कोंबलेल्या गर्दीने. दंडाधिकाऱ्यांनी वाटा आखा, तिकिटांवर मर्यादा घाला, असंही सांगितलं होतं. पण एसएफएच्या सभांतून आणि वर्तमानपत्रांतून जी चर्चा गाजली ती झेंड्याची. झेंडा दुरून दिसतो, त्यावर मत द्यायला खर्च येत नाही. पायऱ्या दुरुस्त करायला येतो.

आयब्रॉक्सवर तेरा क्रमांकाचा जिना होता. उंच भरावावरून रस्त्याकडे सरळ उतरणारा, तीव्र उताराचा, भुयारी रेल्वेच्या स्टेशनकडे जायला सोयीचा म्हणून सगळ्यांत जास्त गर्दीचा. १९६१ मध्ये या जिन्यावर चेंगरून दोन माणसं मेली. त्यानंतरही तिथे माणसं जखमी होत राहिली. १९७१ च्या २ जानेवारीला, पुन्हा नववर्षाच्याच सेल्टिक-रेंजर्स मॅचला, अगदी शेवटी सेल्टिकच्या जिमी जॉन्स्टनने गोल केला आणि पाठोपाठ रेंजर्सच्या कॉलिन स्टीनने बरोबरी साधली. मॅच संपल्यावर खाली उतरणाऱ्या गर्दीत कुणीतरी पडलं आणि त्याच्यावर मागचे कोसळत गेले. ६६ माणसं गेली. त्यांत फाइफमधल्या मार्किंच या एकाच गावातली पाच मुलं होती. गोलचा आवाज ऐकून उतरणारे लोक उलटे फिरले म्हणून चेंगराचेंगरी झाली, असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. चौकशीत ते खरं निघालं नाही. सगळे एकाच दिशेने चालले होते.

१९५२ मध्ये वाटा नीट आखल्या असत्या तर १९७१ टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. जिना आणि पायऱ्यांवरच्या वाटा या वेगळ्या गोष्टी आहेत. पण दंडाधिकाऱ्यांनी या मॅचच्या गर्दीकडे बोट दाखवल्याला तेव्हा १९ वर्षं झाली होती. मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा आला तो १९७५ मध्ये. स्कॉटलंडच्या मैदानांवर दारूबंदी आली ती १९८० मध्ये, सेल्टिक-रेंजर्स कप फायनलनंतर हॅम्पडेनवर दोन्हीकडचे चाहते एकमेकांवर धावून गेले तेव्हा. दुर्घटनेनंतर त्याच महिन्यात सेल्टिक आणि रेंजर्सच्या खेळाडूंचा एकत्र संघ स्कॉटलंडच्या निवडक संघाविरुद्ध मदतनिधीसाठी खेळला. त्या मॅचला ८० हजारांहून जास्त लोक आले.

नंतरचे झेंडे

युनियन जॅकची गोष्टही थोडी सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धं राहील. फुटबॉलमध्ये ब्रिटनचा संघ नसतो. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड असे चार वेगळे असतात. तरी १९६६ च्या विश्वचषकात वेम्बलीवर इंग्लंडचे चाहते युनियन जॅकच हलवत होते, कारण इंग्रजांना इंग्लंड आणि ब्रिटन यांत फरक करायची सवयच नव्हती. १९९६ च्या युरो स्पर्धेत त्याच वेम्बलीवर पांढऱ्यावर लाल क्रॉसचा सेंट जॉर्जचा झेंडा दिसू लागला. स्कॉटलंडचे चाहते आधीपासून निळ्या-पांढऱ्या सेंट अँड्र्यूच्या झेंड्याचे. म्हणजे ब्रिटनचा झेंडा ब्रिटनमधल्याच राष्ट्रीय मॅचमधून मागे हटत गेला. तो भरभरून दिसत राहिला तो आयब्रॉक्सवर. रेंजर्सच्या चाहत्याला म्हणूनच आज वाटतं की आपण ज्याला जपतोय त्याला बाकीचे सोडून चाललेत. ही भावना खरी आहे आणि तिला नुसतं कडवेपणा म्हणून झटकणं मला अन्याय वाटतो. २०१४ मध्ये स्कॉटलंडने सार्वमतात ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं तेव्हा ग्लासगो शहराने मात्र स्वतंत्र होण्याच्या बाजूने कौल दिला. त्या शहरात युनियन जॅक आता बहुमताचा झेंडा आहे असंही म्हणता येत नाही.

रेंजर्सचा कॅथलिक खेळाडू न घेण्याचा नियम मोडला तो १९८९ च्या जुलैमध्ये, मॅनेजर ग्रेअम सूनेस यांनी मो जॉन्स्टनला घेतलं तेव्हा, आणि जॉन्स्टन तर सेल्टिकचा जुना खेळाडू. काहींनी मफलर जाळले. पण त्याचे गोल होऊ लागले आणि रेंजर्सने लीग जिंकली.

सरकारने पुन्हा एकदा हात घालून पाहिला २०१२ मध्ये. फुटबॉलमधल्या चिथावणीखोर वर्तनासाठी, म्हणजे मुख्यतः गाणी आणि घोषणांसाठी, खास कायदा केला. कुठलं गाणं गुन्हा आणि कुठलं नाही हे ठरवताना पोलीस आणि न्यायालयं दोन्ही घामाघूम झाली, आणि २०१८ मध्ये स्कॉटिश संसदेनेच तो रद्द केला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये राणी वारल्यावर रेंजर्सने युरोपीय फुटबॉल संघटनेची परवानगी नसताना नेपोलीविरुद्धच्या मॅचआधी राष्ट्रगीत वाजवलं आणि सगळा स्टँड युनियन जॅक व राणीच्या आकृतीने भरला. त्याच दिवशी वॉर्सामध्ये सेल्टिकच्या चाहत्यांनी राजमुकुटाविरुद्ध शिवीगाळ करणारा फलक धरला आणि क्लबला दंड झाला. झेंडा ही आपली आठवण आहे असं केली म्हणाले होते. त्या फलकात आठवण नव्हती, एका म्हाताऱ्या बाईच्या मृत्यूवर ओरखडा होता. तिरंग्याच्या बाजूने मी जे लिहिलं ते त्या फलकाला लागू करायची माझी तयारी नाही.

गेल्या काही वर्षांत दोन्ही क्लबांनी वेगळाच उपाय काढला. २०१८ मध्ये रेंजर्सने आयब्रॉक्सवर येणाऱ्या सेल्टिकच्या चाहत्यांची संख्या सात हजारांच्या आसपास होती ती सुमारे आठशेवर आणली. सेल्टिकनेही तसंच केलं. पुढे सुरक्षेच्या वादातून काही मॅचना पाहुण्या चाहत्यांना एकही तिकीट मिळालं नाही. पन्नास हजार लोक, सगळे एकाच रंगाचे, एकच झेंडा. बाटल्या नाहीत, मारामारी नाही, आणि समोरून उलट येणारं गाणंही नाही. दोन्हीकडच्या चाहत्यांना हे चुकीचं वाटलं, कारण दुसरी बाजू नसलेल्या मॅचला काही चव राहिली नाही असं तेच सांगू लागले. शेवटी क्लब बोलणीला बसले आणि जानेवारी २०२५ पासून पाहुण्यांसाठी सुमारे अडीच हजार जागा पुन्हा सुरू झाल्या. आयब्रॉक्सच्या त्या पहिल्या मॅचला, २ जानेवारीला, सेल्टिकवाले आपले झेंडे घेऊन एका कोपऱ्यात उभे होते. रेंजर्सने त्यांना ३-० असं हरवलं.